कंसांची कटकट मिटवणारे पोलंडचे प्रोफेसर यान वुकाशेविच

(२ + ३) × ४ सोडवताना कंस विसरला, की २० चे १४ होतात. ही कटकटच मिटवली ती पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी.

जन्म १८७८ चा, लव्होव शहरातला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. १९१९ मध्ये ते पोलंडचे शिक्षणमंत्री झाले, पुढे दोनदा वॉर्सा विद्यापीठाचे रेक्टर. १९२४ मध्ये तर्कशास्त्राची सूत्रं लिहिताना त्यांना एक आयडिया सुचली. चिन्ह आधी लिहायचं आणि ते ज्यांना लागू होतं त्या गोष्टी नंतर. मग कंस लागतच नाहीत.

पण १९३९ मध्ये युद्ध पेटलं. बॉम्बहल्ल्यात त्यांचं घर, पुस्तकं आणि हस्तलिखितं जळून गेली. १९४६ मध्ये आयर्लंडने त्यांना आसरा दिला. १९५६ मध्ये डब्लिनमध्येच त्यांचं निधन झालं.

पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी हीच आयडिया उलटी करून कॉम्प्युटरसाठी मांडली. चिन्ह शेवटी: २ ३ + ४ ×. कॉम्प्युटर आकडे ताटांच्या चळतीसारखे एकावर एक ठेवतो. + आलं, की वरचे दोन उचलून ५ ठेवतो. मग ४ येतात, × येतं आणि उत्तर २०. या चळतीलाच म्हणतात स्टॅक.

१९७२ चा एचपी-३५ कॅल्क्युलेटर आणि फोर्थ ही प्रोग्रॅमिंग भाषा याच पद्धतीवर चालतात. पद्धतीचं नाव 'रिव्हर्स पोलिश नोटेशन'. त्यात देशाचं नाव आहे, वुकाशेविच यांचं नाही.