अमेलियाची जुनी विमानं

आमच्या कॅन्सस सिटीच्या मित्रमंडळातल्या एकाला सध्या विमान घ्यायचं वेड लागलंय. हो, विमान! सहा आसनांचं, एका इंजिनाचं बोनान्झा, १९७३ सालचं, म्हणजे वयानं त्याच्यापेक्षा मोठं. इंजिन २८५ अश्वशक्तीचं. इथे २०० अश्वशक्तीच्या वर इंजिन गेलं की त्या विमानाला हाय-परफॉर्मन्स म्हणतात आणि ते चालवायला प्रशिक्षकाची वेगळी सही लागते. ती सही त्यानं मिळवलीय, वहिनींची संमती मात्र अजून मिळायची आहे. आपल्यापैकी बहुतेकांची इथली पहिली गाडी जुनीच होती, पण जुनी गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते, हा वहिनींचा मुद्दा. आणि तो खोडून काढणं अवघड आहे. त्याला चार गोष्टी समजावून सांगायची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली. मी सुचवलं, आपण सगळेच रविवारी अॅचिसनला जाऊन येऊ.

अॅचिसन आमच्याकडून तासाभरावर, मिसूरी नदीच्या काठी. तिथे टेकाडावर एक पांढरं लाकडी घर आहे. अमेलिया इअरहार्ट २४ जुलै १८९७ ला त्या घरात, म्हणजे तिच्या आजोळी जन्मली. आजोबा न्यायाधीश, घरात सुबत्ता. वडील एडविन वकील होते, पण दारूच्या नादी लागले आणि नोकरी टिकेना. मग डे मॉइन, सेंट पॉल, शिकागो अशी त्या कुटुंबाची फरफट झाली. पहिल्या महायुद्धात टोरांटोच्या लष्करी रुग्णालयात तिनं जखमी सैनिकांची सेवा केली. पुढे डॉक्टर व्हायचं म्हणून कोलंबिया विद्यापीठात गेली आणि ते अर्धवट सोडून कॅलिफोर्नियाला आईवडिलांकडे आली.

डिसेंबर १९२० मध्ये लाँग बीचला वडिलांनी दहा डॉलर मोजून तिला दहा मिनिटं विमानात बसवलं. झालं! त्या दहा मिनिटांनी पुढचं सगळं ठरवलं. नेटा स्नूक नावाच्या बाईंकडे ती विमान शिकू लागली. फी भरायला टेलिफोन कंपनीत नोकरी आणि आणखी मिळतील ती कामं. वर्षभरात आईच्या मदतीनं तिनं पिवळ्या रंगाचं किनर एअरस्टर हे छोटं विमान घेतलं. नाव ठेवलं कॅनरी. स्नूकबाईंना हे विमान पसंत नव्हतं, त्याचं तीन सिलिंडरचं इंजिन भरवशाचं नाही असं त्यांचं मत. अमेलियानं ऐकलं नाही. (आमच्या मित्रानं इथे वहिनींकडे पाहिलं.) त्याच विमानातून १९२२ मध्ये ती १४ हजार फुटांवर गेली, तेव्हा तो स्त्रियांचा विक्रम होता. पण पैसे संपले, आईवडिलांचा संसार मोडला आणि कॅनरी विकावी लागली. मग पिवळी मोटार घेऊन आईला शेजारी बसवून ही मुलगी कॅलिफोर्नियाहून बॉस्टनला गाडी चालवत आली.

बॉस्टनमध्ये ती डेनिसन हाउस या संस्थेत काम करू लागली. परदेशातून आलेल्या कुटुंबांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्या मुलांना सांभाळायचं. सीरियन, चिनी, कुठकुठली मुलं! तिच्या चरित्रातली ही पानं लोक भराभर उलटतात. मी मात्र तिथे रेंगाळतो, कारण पुढे जगभर नाव झालेली ही बाई तेव्हा आपल्यासारख्यांच्याच वस्तीत काम करत होती.

तिथेच १९२८ मध्ये तिला फोन आला. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानात एक स्त्री हवी होती. १७ जूनला न्यूफाउंडलंडहून निघालेलं फ्रेंडशिप हे तीन इंजिनांचं विमान २० तास ४० मिनिटांनी वेल्सच्या बरी पोर्टला उतरलं. चालवलं विल्मर स्टुल्ट्झनं, मेकॅनिक लू गॉर्डन. अमेलिया बसून होती. तरी मिरवणुका निघाल्या त्या तिच्याच. तिला ते आतून लागलं, बटाट्याच्या पोत्यासारखं आपल्याला वाहून आणलं असं ती उघडपणे सांगायची. नाव झालं होतं, पण दुसऱ्याच्या हातांनी. पुढची चार वर्षं तिनं हे देणं फेडण्यात घालवली, असं मला वाटतं.

इंग्लंडहून परतताना तिनं काय आणलं असेल? लेडी हीथ यांचं वापरलेलं एव्हरो एव्हियन. आफ्रिकेच्या टोकाहून लंडनपर्यंत उडून आलेलं ते विमान तिनं बोटीनं अमेरिकेत आणलं. पण ते हलकं, संथ विमान होतं, समुद्र ओलांडायच्या कामाचं नव्हे.

तेव्हा वेगवान विमान म्हणजे लॉकहीड व्हेगा. जॅक नॉर्थ्रपनं काढलेला आराखडा, सिगारसारखं गुळगुळीत लाकडी अंग, पंखांना बाहेरून एकही टेकू किंवा तार नाही, पुढे एकच दणकट इंजिन. नवीन घ्यायचं तर परवडेना, म्हणून १९२९ मध्ये तिनं वापरलेलं व्हेगा घेतलं आणि देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या लॉकहीडच्या कारखान्यात नेलं. तिथे वायली पोस्ट या वैमानिकानं ते उडवून पाहिलं आणि हे विमान उडवण्याच्या लायकीचंच नाही असा निकाल दिला. हे उडवत तू इथवर आलीस कशी, याचंच त्याला नवल वाटलं. कंपनीनं ते ठेवून घेऊन तिला दुसरं व्हेगा दिलं. दुसरी कुणी असती तर खजील झाली असती. अमेलिया खूश झाली, कारण न उडणारं विमान आपण उडवलं, म्हणजे आपल्याला बऱ्यापैकी येतं! त्याच उन्हाळ्यात सँटा मोनिका ते क्लीव्हलंड या स्त्रियांच्या हवाई शर्यतीत ती तिसरी आली.

म्हणूनच आज इथे जुनं विमान घेण्याआधी त्रयस्थ मेकॅनिककडून तपासून घेतात. सिलिंडरचा दाब, पंखांतला गंज, जुन्या अपघातांच्या खुणा, पहिल्या दिवसापासूनच्या नोंदवह्या, आणि विमानावर कुणाचं कर्ज आहे का याची ओक्लाहोमा सिटीच्या सरकारी दप्तरातली नोंद. आपण सातबारा पाहतो तसं.

१९३० मध्ये तिनं आणखी एक व्हेगा घेतलं. तेही १९२८ चं, वापरलेलं. काही महिन्यांतच व्हर्जिनियात नॉरफोकला उतरताना ते नाकावर उलटलं. विमानाचं धडच बदलावं लागलं. नवं धड मजबूत करून आत जास्तीच्या टाक्या बसवल्या, ४२० गॅलन इंधन मावेल अशा. जास्त ताकदीचं इंजिन, तीन होकायंत्रं. ही सगळी तयारी गुपचूप चालली होती. प्रकाशक जॉर्ज पुटनमशी तिचं १९३१ मध्ये लग्न झालं होतं, त्याला अर्थातच माहीत होतं.

२० मे १९३२ च्या संध्याकाळी, लिंडबर्गच्या उड्डाणाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, ती न्यूफाउंडलंडच्या हार्बर ग्रेसहून एकटी निघाली. खायला-प्यायला सूप आणि टोमॅटोचा रस. काही तासांतच उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं. एग्झॉस्टचा सांधा तडकून ज्वाळा बाहेर दिसू लागल्या. पंखांवर बर्फ साचलं आणि विमान गिरक्या घेत खाली गेलं, सावरलं तेव्हा लाटा दिसत होत्या. वर गेलं की बर्फ, खाली आलं की समुद्र, अंधारात खाली किती अंतर उरलंय ते सांगणारं काही नाही. शिवाय इंधन गळून मानेवर ठिबकत होतं. जायचं होतं पॅरिसला, उतरली उत्तर आयर्लंडमधल्या डेरीजवळच्या एका कुरणात, गाईंच्या मध्ये. सुमारे १५ तास, २०२६ मैल. अटलांटिक एकटीनं ओलांडणारी पहिली स्त्री.

याच वर्षी ऑक्टोबरात जेआरडी टाटा एका इंजिनाच्या पस मॉथमधून टपाल घेऊन कराचीहून जुहूला उतरले होते. काळ एकच, धाडसही एकाच जातीचं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या मदतीनं १९३६ मध्ये तिला कोरं करकरीत, दोन इंजिनांचं इलेक्ट्रा मिळालं. जून १९३७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेत ती कराचीला थांबली, तिथे उंटावर बसली. मग कलकत्त्यात पावसानं भिजलेल्या डमडमच्या मैदानावरून जेमतेम उडाली. २ जुलैला हाउलंड बेटाच्या आसपास ती आणि नॅव्हिगेटर फ्रेड नूनन नाहीसे झाले. शोध अजून चालू आहे.

अटलांटिक ओलांडणारं ते लाल व्हेगा मात्र धडधाकट आहे. १९३३ मध्ये तिनं ते फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटला विकलं, १९६६ पासून ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियनकडे आहे.

परतीच्या वाटेवर वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, की तो तपासणीचा मेकॅनिक विकणाऱ्याच्या ओळखीचा तर नाही ना? मित्र ओशाळला. ओळखीचा होता. आता दुसरा शोधलाय. तपासणी पुढच्या शनिवारी, आणि वहिनी स्वतः हजर राहणार आहेत.