ग्रोव्हर क्लीव्हलँड : ‘नाही’ म्हणणारा राज्यकर्ता



पेन्शन हा शब्द निघाला की आपले कान टवकारतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांचे तर जास्तच, आणि त्यात मीही आले. म्हणून आज अशा राज्यकर्त्याची ओळख करून घेऊ, ज्याने पेन्शनची दोनशेहून अधिक विधेयके नाकारली.

ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचा जन्म १८ मार्च १८३७ रोजी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील कॉल्डवेल गावी झाला. वडील धर्मोपदेशक, घरात नऊ भावंडं. १८५३ मध्ये वडील वारले आणि सोळाव्या वर्षीच कमवायची वेळ आली. न्यूयॉर्कच्या अंधशाळेत ते साधारण वर्षभर सहायक शिक्षक होते. म्हणजे आपल्यातलेच की! कॉलेजात न जाता बफेलो शहरात वकिलांच्या कचेरीत ते कायदा शिकले.

१८८२ मध्ये ते बफेलोचे महापौर झाले. नगरसेवकांनी रस्तेसफाईचा ठेका सर्वांत महाग ठेकेदाराला दिला होता. स्वस्त निविदा त्याहून एक लाखाहून अधिक डॉलरने कमी होती. क्लीव्हलँड यांनी तो ठराव फेटाळला.

१८८३ मध्ये ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले. तिकडे गव्हर्नरला लोकच निवडून देतात. शहरातल्या उन्नत रेल्वेचं भाडं पाच सेंट करणारं विधेयक आलं. लोकांना ते हवंच होतं. पण कंपनीशी सरकारने आधी केलेला करार त्याने मोडत होता, म्हणून क्लीव्हलँड यांनी नकाराधिकार वापरला.

१८८५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. यादवी युद्धातल्या सैनिकांसाठी पेन्शनचा कायदा होताच. कार्यालयाने अर्ज नाकारला की लोक खासदाराकडून स्वतःच्या नावाचं खास विधेयक आणायचे. संसद अशी विधेयके ढिगाने, फारसं न बघता मंजूर करायची. क्लीव्हलँड मात्र रात्री उशिरापर्यंत बसून कागद वाचत. दुखापतीचा युद्धाशी संबंध दिसला नाही, की नकार. तरी नाकारली त्यापेक्षा कितीतरी जास्त विधेयके त्यांनी मंजूर केली, हेही सांगायला हवं.

१८८७ मध्ये आणखी मोठं विधेयक आलं. तीन महिने सेवा केलेल्या आणि आता कमवू न शकणाऱ्या सैनिकाला, अपंगत्व कशानेही आलेलं असो, पेन्शन द्यायची. तेही त्यांनी परत पाठवलं. माजी सैनिक संतापले. त्यातून क्लीव्हलँड स्वतः लढाईवर गेलेच नव्हते. आई-बहिणींचा भार त्यांच्यावर होता, म्हणून त्यांनी १५० डॉलर देऊन बदली माणूस पाठवला होता. कायद्याने ते चालत होतं, पण सैनिकांना ते कसं रुचणार?

१८८८ मध्ये जनतेची मतं जास्त मिळूनही ते हरले. १८९० मध्ये पुढच्या अध्यक्षांनी तशा पेन्शनचा कायदा केलाच. १८९२ मध्ये क्लीव्हलँड पुन्हा निवडून आले. दोन कारकिर्दींत मिळून त्यांनी ५८४ वेळा नकाराधिकार वापरला. २४ जून १९०८ रोजी प्रिन्स्टन येथे त्यांचं निधन झालं.

मला त्यांचा प्रत्येक नकार पटत नाही. म्हाताऱ्या सैनिकाचं दुखणं लढाईतलं की नंतरचं, हे वीस वर्षांनी कागदावरून कसं ठरवणार? पण कागद वाचून मगच नाही म्हणायची त्यांची सवय मला मोलाची वाटते.

वर्गात ही गोष्ट सांगून मुलांना विचारा : तुम्ही अध्यक्ष असता तर त्या सैनिकाला पेन्शन दिली असती का? उत्तराबरोबर कारणही लिहायला सांगा.