विश्लेषण : जुगाराचे देणे, पत्नीचे दागिने, घरात लहान मूल… चक्रधर स्वामींनी भडोचचे घर का सोडले?

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर ही महानुभाव पंथाची काशी मानली जाते. गोविंदप्रभूंचे गाव, लीळाचरित्राचे जन्मस्थान आणि अलीकडे मराठी भाषा विद्यापीठाचे गाव अशी त्याची ओळख आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी आठशे वर्षांपूर्वी या गावात पहिल्यांदा आले, तेव्हा ते गुजरातेतले भरले घर सोडून आलेले एक तरुण गृहस्थ होते. मागे वडील होते, पत्नी होती, लहान मूल होते आणि वडिलांनी फेडलेले जुगाराचे एक मोठे देणे होते. हे देणे नेमके कोणाचे होते, पत्नीने दागिने नाकारले ते योग्य होते का, आणि या प्रसंगाचा रिद्धपूरशी संबंध काय, याविषयी…

हरिपाळदेव कोण होते?

चक्रधर स्वामींचे गृहस्थाश्रमातील नाव हरिपाळदेव. वडील विशाळदेव हे गुजरातेतील भडोचच्या राज्यात प्रधान होते. आई माल्हणदेवी. परंपरेच्या गणनेनुसार हरिपाळदेवांचा जन्म ११९४ चा. प्रधानाचा मुलगा असल्याने पैशाची चणचण नव्हती. कमळाइसा यांच्याशी विवाह झाला आणि पुढे त्यांना मुलगाही झाला.

याच तरुणपणात हरिपाळदेवांना आजार झाला आणि त्यात त्यांचे निधन झाले, असे लीळाचरित्र सांगते. अंत्यसंस्काराची तयारी झाली असताना द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी त्या देहात प्रवेश केला आणि हरिपाळदेव उठून बसले, अशी महानुभावांची श्रद्धा आहे. पंथ या घटनेला अवतारस्वीकार मानतो आणि तिचे वर्ष १२२१ धरतो. या हिशेबाने तेव्हा त्यांचे वय सत्तावीसच्या आसपास होते. शिक्षण संपवून, लग्न होऊन, पहिले मूल हातात आलेल्या आजच्या तरुणाचे वयही साधारण हेच असते.

जुगाराचा प्रसंग काय आहे?

या घटनेनंतर हरिपाळदेव द्यूत खेळू लागले. एकदा ते मोठी रक्कम हरले. जवळ तेवढे पैसे नव्हते आणि जिंकणारे वसुलीसाठी अडून बसले. हरिपाळदेव घरी आले आणि त्यांनी कमळाइसांकडे अंगावरचे दागिने मागितले. त्यांनी ते देण्यास नकार दिला. ही गोष्ट वडिलांच्या कानावर गेली, तेव्हा विशाळदेवांनी ती रक्कम भरून टाकली.

देणे फिटले, पण हरिपाळदेवांचे मन घरातून उठले. प्रपंचातील नाती किती दूरवर साथ देतात, हे त्यांना या प्रसंगाने दाखवले, असा याचा अर्थ पंथात लावला जातो. भक्तांच्या दृष्टीने ही अवताराची लीळा आहे. ईश्वराला जुगाराचे व्यसन लागले असे तिचे वाचन पंथ करत नाही. श्रद्धेचा हा अर्थ मान्य करूनही प्रसंगातील व्यवहार समजून घेता येतो. कारण घर, देणे, दागिने आणि वडिलांचा हात या चारही गोष्टी त्या काळच्या समाजात खऱ्या होत्या.

जुगार तेव्हा बेकायदा नव्हता का?

मनुस्मृतीने द्यूतावर बंदीच घालावी असे म्हटले होते. मात्र याज्ञवल्क्यस्मृतीने ते राजाच्या देखरेखीखाली चालू ठेवले. जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला सभिक म्हणत. जिंकलेल्या रकमेतून त्याने ठरलेला हिस्सा घ्यायचा. शंभर किंवा त्याहून मोठ्या डावावर तो शेकडा पाच, इतरांवर शेकडा दहा. त्यातला राजाचा वाटा राजाला द्यायचा आणि जिंकणाऱ्याची रक्कम वसूल करून त्याच्या हाती ठेवायची. खेळ उघडपणे, सभिकाच्या देखरेखीत झाला असेल आणि राजाचा वाटा भरला असेल, तर हरलेल्याकडून पैसे मिळवून देणे हे राजाचेही काम होते. म्हणजे असे देणे बुडवणे सोपे नव्हते.

या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आजच्या बसवकल्याण परिसरात, हरिपाळदेवांच्या सुमारे शंभर वर्षे आधी लिहिली. प्रत्यक्ष व्यवहारात स्थानिक चालीरीतींचाही भाग असे. तरी त्या काळचे न्यायाचे माप या ग्रंथांतून कळते.

देणे कोणी फेडायचे होते?

याज्ञवल्क्याचे उत्तर स्पष्ट आहे. नवऱ्याने किंवा मुलाने केलेले कर्ज स्त्रीने फेडायचे नाही. मुलाने केलेले कर्ज वडिलांनीही फेडायचे नाही. मुख्य अपवाद : ते कर्ज कुटुंबाच्या गरजेसाठी काढलेले असेल तर. जुगारातील हार ही कुटुंबाची गरज नव्हती.

पुढच्या पिढीचे काय? वडिलांचे कर्ज मुलावर येते हा सर्वसाधारण नियम होता. पण दारू, कामवासना आणि जुगार यांपायी झालेले वडिलांचे देणे मुलाने फेडू नये, असे हीच स्मृती सांगते. म्हणजे भडोचच्या त्या घरातील लहान मुलावर हा बोजा येणार नव्हता. कमळाइसांवरही नव्हता आणि विशाळदेवांवरही नव्हता. देणे एकट्या हरिपाळदेवांचे होते. विशाळदेवांनी पैसे भरले ते बाप म्हणून.

कमळाइसांचा नकार योग्य होता का?

या कथेत कमळाइसा अनेकदा कठोर पत्नी ठरवल्या जातात. स्त्रीधनाचा नियम पाहिला तर चित्र बदलते. स्त्रीधन घेऊन परत न करण्याची मुभा नवऱ्याला फक्त चार प्रसंगी होती : दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि स्वतः अटकेत पडणे. या यादीत जुगार नाही. कमळाइसांनी नाकारले ते देणे त्यांच्यावर बंधनकारक नव्हतेच. घरात मूल असताना अंगावरचे सोने हीच त्यांची खात्रीची ठेव होती.

आजचा कायदाही याच दिशेने जातो. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे आणि ती नवऱ्याच्या ताब्यात असली तरी तो केवळ विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले. अडचणीच्या वेळी नवऱ्याने ते वापरले तर परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, असे न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा म्हटले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. तरीही घरातील सोने गहाण ठेवून देणी भागवणारे तरुण बाप आजही आहेत, आणि ते सोने बहुतेक वेळा बायकोचेच असते.

रिद्धपूरला ते कसे पोहोचले?

हरिपाळदेवांनी रामयात्रेसाठी म्हणजे रामटेकला जाण्याची परवानगी मागितली. विशाळदेव तयार नव्हते. वाटेतला प्रदेश देवगिरीच्या यादवांचा होता आणि यादवराजा सिंघणाच्या काळात गुजरातेशी लढाया होत असत. प्रधानाच्या मुलाने त्या मुलखात जाणे धोक्याचे होते. अखेर लवाजमा देऊन त्यांना निरोप दिला गेला. हरिपाळदेवांनी वाटेत बरोबरची माणसे मागे धाडली आणि ते एकटे पुढे निघाले. रामटेकच्या वाटेवर रिद्धपूर लागले. तिथल्या बाजारात गोविंदप्रभूंनी त्यांना आपल्या हातचा प्रसाद दिला. याच भेटीत त्यांना ज्ञानशक्ती मिळाली, असे महानुभाव मानतात.

घर सोडून जाणाऱ्याबाबतही जुना कायदा गप्प नव्हता. बायकोमुलांची सोय न लावता संन्यास घेणाऱ्याला दंड करावा, असे कौटिल्याचे अर्थशास्त्र सांगते. गुणी पत्नीला टाकणाऱ्याने तिला संपत्तीचा तिसरा हिस्सा द्यावा आणि पैसे नसतील तर पोटगी द्यावी, असे याज्ञवल्क्य म्हणतो. कमळाइसा आणि मूल प्रधानाच्या घरात होते, त्यामुळे अन्नवस्त्राची ददात नव्हती. पण तो भार पुन्हा विशाळदेवांवरच आला. आधी मुलाचे देणे, मग मुलाचा संसार.

मग पैशाच्या अडचणीमुळे घर सुटले का?

तसे म्हणता येत नाही. रिद्धपूरनंतर स्वामी सातपुड्यातील सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे राहिले. पुढे आंध्रात वरंगळ येथे घोड्यांच्या एका व्यापाऱ्याची मुलगी हंसांबा हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तिथे कसलीही कमतरता नव्हती, देणेही नव्हते. तरी तो संसारही त्यांनी सोडला. देणे हे घर सोडण्याचे निमित्त होते. कारण त्याच्या आधीपासूनच होते.

पुढे त्यांनी पैठण येथे संन्यास घेतला आणि गोदावरीकाठी शिष्यपरिवार जमवला. त्यांच्या पंथात संन्याशाने काही साठवायचे नाही, भिक्षेवर राहायचे आणि एका जागी रुजायचे नाही, असे नियम झाले. कर्ज काढण्याची आणि दुसऱ्याचे दागिने मागण्याची वेळच येणार नाही, अशी ही राहणी आहे.

स्त्रियांना या कथेत पुढे काय स्थान मिळाले?

इथे या चरित्राची दुसरी बाजू दिसते. चक्रधर स्वामींनी स्त्रियांना संन्यासाचा आणि ज्ञानाचा अधिकार दिला आणि मासिक पाळीचा विटाळ मानला नाही. नागुबाईसा, महदाइसा अशा स्त्रिया त्यांच्याशी मोकळेपणी प्रश्नोत्तरे करत. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर, म्हणजे साधारण १२७४ नंतर, शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंजवळ आले. म्हाइंभटांनी त्यांच्याकडून आठवणी गोळा करून १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीच्या आद्य कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदाइसांचे धवळेही याच गावातले, गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या निमित्ताने रचलेले.

भक्तांनी लिहिलेल्या चरित्रात आपल्या परमेश्वराची जुगारातील हार, पत्नीचा नकार आणि वडिलांनी भरलेले पैसे लपवले गेले नाहीत, ही लीळाचरित्राची मोठी गोष्ट. म्हणूनच स्वामींच्या मोठेपणाला धक्का न लावता कमळाइसांची बाजूही आज मांडता येते. रामटेकची वाट धरलेल्या तरुणामागे पंथ उभा राहिला. भडोचच्या घरात एक मूल वडिलांविना वाढायचे राहिले, आणि ते वाढवण्याचे काम एका आईने व एका आजोबांनी करायचे होते.