इब्ने सफी : निर्मळ करमणुकीचे लेखक

रहस्यकथेचे पुस्तक मुलाच्या हाती दिसले की शिक्षकांच्या कपाळाला आठी पडते आणि पालक ते काढून घेतात. करमणुकीच्या वाचनाने मुले बिघडतात, असा समज आपल्या समाजात फार दिवसांचा आहे. तो कितपत खरा, हे पाहावयाचे असेल तर उर्दूतील थोर रहस्यकथाकार इब्ने सफी यांचे चरित्र डोळ्यांसमोर आणावे. मराठीत बाबुराव अर्नाळकरांना जी लोकप्रियता लाभली, तशीच उर्दूत इब्ने सफींना लाभली.

त्यांचे मूळ नाव असरार अहमद. अलाहाबाद जिल्ह्यातील नारा या गावी १९२८ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव सफीउल्ला. त्यावरूनच पुढे इब्ने सफी, म्हणजे सफींचा पुत्र, हे टोपणनाव आले. वयाच्या आठव्या वर्षी 'तिलिस्मे होशरुबा' हा अद्भुत कथांचा प्रचंड ग्रंथ त्यांच्या हाती पडला आणि त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. जादूगार आणि ऐय्यार यांच्या त्या गोष्टींनी मुलगा बिघडला नाही. उलट सातवीत असतानाच त्याची स्वतःची कथा एका साप्ताहिकात छापून आली. पुढे त्यांनी आग्रा विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली. 'असरार नारवी' या नावाने कविता आणि 'तुगरल फरगान' या नावाने विनोदी लेखनही केले. १९५२ पूर्वी काही काळ ते अलाहाबादेत शिक्षक होते, ही आम्हा शिक्षकांना विशेष आनंदाची गोष्ट वाटते.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते मित्रमंडळींच्या एका चर्चेतून. उर्दूत अश्लील मजकुराशिवाय काही खपत नाही, असे कोणी तरी म्हणाले. असरार अहमद यांना ते पटले नाही. नुसता वाद घालून ते थांबले नाहीत, तर त्यांनी लेखणी हाती घेतली. त्यांचे मित्र अब्बास हुसैनी हे अलाहाबादचे प्रकाशक. त्यांच्या मदतीने मार्च १९५२ मध्ये 'जासूसी दुनिया' या मासिक मालेची पहिली कादंबरी 'दिलेर मुजरिम' बाहेर पडली. तिचे कथानक एका इंग्रजी कादंबरीवरून घेतले होते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पुढचा मार्ग मात्र बहुतांशी त्यांचा स्वतःचा होता.

त्याच वर्षी ते कराचीस गेले. देशाची फाळणी झाली होती, परंतु वाचकांची झाली नाही. त्यांच्या कादंबऱ्या कराचीत लिहिल्या जात आणि अलाहाबादेतही प्रसिद्ध होत. हिंदी आवृत्तीत नायक फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश, तरी वाचकांचे प्रेम तेच राहिले.

फरीदी हा गंभीर, निर्लोभी पोलीस अधिकारी. त्याचा साहाय्यक हमीद खोडकर आणि हजरजबाबी. १९५५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या मालेतील इम्रान वरकरणी वेंधळा, पण गुप्तपणे हेरखात्याचा प्रमुख. त्याची स्वयंपाकी सुलेमानशी होणारी भांडणे वाचताना हसू आवरत नाही. या कादंबऱ्यांत खून आहेत, पाठलाग आहेत, वेषांतरे आहेत. परंतु वाचकाला लाज वाटेल असे पान नाही. गुन्हेगार कितीही श्रीमंत वा हुशार असो, कायदा त्याला शेवटी गाठतो, आणि फरीदी कोणाच्या दडपणाला जुमानत नाही. भाषा सोपी, घरगुती आणि शुद्ध आहे. केवळ या पुस्तकांसाठी उर्दू लिपी शिकलेले लोकही होते, असे जुने वाचक सांगतात.

दरमहा लिहिण्याचा ताण मोठा होता. १९६० ते १९६३ अशी तीन वर्षे मानसिक आजाराने त्यांची लेखणी बंद पडली. या काळात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन अनेकांनी पुस्तके खपविली. वाचकांनी मात्र खऱ्या लेखकाची वाट पाहिली. प्रकृती सुधारल्यावर १९६३ च्या अखेरीस 'डेढ मतवाले' ही कादंबरी आली आणि तिच्यावर वाचकांच्या उड्या पडल्या. दोन्ही मालांतील त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या दोनशेच्या पुढे जाते.

२६ जुलै १९८० रोजी कर्करोगाने कराचीत त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्यांचे लेखन चालूच होते. हयातीत समीक्षकांनी त्यांना साहित्याच्या पंक्तीत बसविले नाही. इतके भराभर लिहिताना काही कादंबऱ्या सामान्य उतरल्या, हेही खरे. तरीसुद्धा उर्दूचे श्रेष्ठ समीक्षक शम्सुर रहमान फारूकी यांनी पुढे त्यांच्या चार कादंबऱ्या स्वतः इंग्रजीत आणल्या. त्या २०११ साली प्रसिद्ध झाल्या.

आज मुलांच्या हातात पुस्तकाऐवजी मोबाईल आहे. उर्दू असो वा मराठी, धड्याबाहेरचे एक पानही न वाचणारी मुले आम्हाला वर्गावर्गांत भेटतात. अशा मुलाला एकदम अवजड ग्रंथ देऊन वाचनाची गोडी लागत नाही. ती आधी गोष्टीतून लागते. ग्रंथांकडे तो मागाहून वळतो. म्हणून प्रत्येक शाळेने ग्रंथालयातील एक कपाट निर्मळ रहस्यकथा, विनोदी कथा आणि चित्रकथांसाठी राखावे, ते कुलूपबंद ठेवू नये आणि आठवड्यातून एक तास मुलांना मनाजोगते पुस्तक निवडू द्यावे. शिक्षकांनी व पालकांनीही ती पुस्तके आधी स्वतः वाचावीत. कोणते पुस्तक काढून घ्यावे आणि कोणते आपण होऊन हाती द्यावे, हे मग त्यांना ठरविता येईल.