बडोद्याच्या हंसाबेन : आहारशास्त्राला विद्यापीठात जागा देणाऱ्या कुलगुरू

बडोदा म्हटलं की आपल्याला आधी सयाजीराव महाराज आठवतात. महाराजांच्या नावाचं विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं, तेव्हा त्याच्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाच्या देशातल्या त्या पहिल्या महिला कुलगुरू.

हंसाबेनांचा जन्म ३ जुलै १८९७ चा, सुरतेचा. वडील मनुभाई मेहता पुढे बडोदा संस्थानचे दिवाण झाले. १९१८ साली तत्त्वज्ञानात पदवी घेऊन त्या इंग्लंडला पत्रकारिता शिकायला गेल्या. नागर ब्राह्मणाच्या या मुलीने वैश्य समाजातल्या डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं, तेव्हा जातीत मोठा गदारोळ झाला. त्या मागे हटल्या नाहीत. जीवराजभाई पुढे मुंबईत केईएम रुग्णालयाचे डीन आणि १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

स्वातंत्र्य चळवळीत हंसाबेन तुरुंगात गेल्या, मग घटना समितीत बसल्या. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचं कुलगुरूपदही त्यांनी सांभाळलं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात पुरुषवाचक शब्द होता. तो बदलून बाईमाणसालाही लागू होईल असा शब्द त्यांनी आग्रहाने घालायला लावला.

बडोद्यात त्यांच्याच कारकिर्दीत गृहविज्ञान शाखा उभी राहिली. स्वयंपाकाला कसली आलीय डिग्री, असं म्हणणारे आजही भेटतात. पण त्या शाखेत आहार आणि पोषण हे शास्त्र म्हणून शिकवलं जाऊ लागलं.

त्याच सुमारास, १९५१ च्या आसपास, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला डॉ. हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलकीटोन्युरिया झालेल्या एका मुलीला खास आहारावर ठेवून पाहिलं. या जन्मजात आजारात प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता येत नाही. तो रक्तात साठतो आणि मेंदूला इजा करतो. आहार बदलल्यावर त्या मुलीत सुधारणा दिसली. म्हणजे इथे ताट हेच औषध.

हंसाबेन स्वतः काही या आजारांच्या तज्ज्ञ नव्हत्या. पण अशा मुलाच्या घरी डॉक्टरांइतकीच आहारतज्ज्ञाची गरज पडते. एरवी आपण बाळाला दूध, डाळ, अंडं आग्रहाने भरवतो. इथे तेच मोजून द्यायचं किंवा बंद करायचं. भाकरीतली प्रथिनंही हिशेबात धरावी लागतात. साबुदाणा चालतो, पण खिचडीतले शेंगदाणे नाही चालत. वाढीला लागणारी प्रथिनं खास पावडरीतून द्यावी लागतात. हा हिशेब आईला तिच्या भाषेत, तिच्या चुलीवरच्या जेवणात बसवून सांगणारं माणूस लागतं.

हंसाबेन ४ एप्रिल १९९५ रोजी गेल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. सीमेअलीकडून उपचारासाठी गुजरातेत जाणाऱ्या पालकांनी एवढं जरूर करावं : बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होणाऱ्या तपासणीबद्दल विचारावं, आणि असा आजार निघालाच तर आहारतज्ज्ञाला भेटल्याशिवाय परत फिरू नये.