राणी थिओडेलिंडा आणि मोंझाचा क्रूस

इटलींत मिलान शहराच्या उत्तरेस मोंझा नांवाचें प्राचीन नगर आहे. तेथील संत योहान बाप्तिस्ताच्या प्रधान मंदिराच्या खजिन्यांत एक लहानसा सोन्याचा क्रूस जपून ठेविला आहे. तो गळ्यांत घालण्याजोगा अलंकार आहे. त्यावर क्रूसस्थ प्रभु लांब झग्यांत दाखविला असून, आकृतीच्या कोरीव रेषा काळ्या मिश्रणानें भरलेल्या आहेत, आणि वर पारदर्शक स्फटिकाचें झांकण बसविलें आहे. अक्षरें ग्रीक आहेत. मध्ययुगाच्या आरंभींचे क्रूसालंकार जमविणाऱ्या व अभ्यासणाऱ्या मंडळींना हा क्रूस चांगला ठाऊक आहे. ज्या राणीच्या हातून तो व त्यासारखे दुसरे अनेक पवित्र जिन्नस एकत्र झाले, तिचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

थिओडेलिंडा ही बव्हेरियाचा ड्यूक गॅरिबाल्ड याची कन्या. आईकडून तिच्या अंगांत लोंबार्ड राजकुळाचें रक्त होतें. हे लोंबार्ड लोक इ. स. ५६८ मध्यें इटलींत शिरले व पाहतां पाहतां उत्तरेकडील मुलखाचे धनी झाले. त्यांच्यांत एरियन मताचा जोर होता. म्हणजे ख्रिस्त हा पित्याच्या बरोबरीचा ईश्वर आहे, हें ते मानीत नसत. त्यांचा राजा ऑथारी यानें थिओडेलिंडेस मागणी घातली. आठव्या शतकांतील इतिहासकार पॉल डीकन सांगतो कीं, राजा स्वतःच वकिलाचा वेष घेऊन वधू पाहावयास गेला. तिच्या हातून द्राक्षारसाचा पेला घेतांना त्यानें कोणाच्या नकळत तिच्या हातास स्पर्श केला, आणि ती लाजून दाईला सांगूं लागली, तेव्हां दाईनें पाहुणा कोण तें ओळखिलें. गोष्ट मोठी गोड आहे. तिची पारख मात्र वाचकांनींच करावी. विवाह १५ मे ५८९ रोजीं व्हेरोनाजवळ झाला.

संसार दीड वर्षही टिकला नाहीं. ५९० सालीं ऑथारीनें लोंबार्डांच्या मुलांस कॅथॉलिक विधीनें बाप्तिस्मा देण्याची बंदी केली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तो मरण पावला. राणी कॅथॉलिक, परकी व विधवा. तरी लोकांचा तिजवर एवढा विश्वास कीं, नवा पति, म्हणजेच नवा राजा, निवडण्याचा अधिकार त्यांनीं तिलाच दिला. तिनें टुरिनचा ड्यूक अगिलुल्फ यास वरिलें.

येथून तिची खरी कसोटी सुरू झाली. ५९३ सालीं अगिलुल्फनें खुद्द रोमला वेढा दिला. त्या वेळीं संत ग्रेगरी महान हे पोप होते. नगराचें रक्षण, उपाशी लोकांस धान्य, शत्रूस द्यावयाचें द्रव्य, हा सारा भार त्यांच्याच माथीं पडला. एकीकडे पति, दुसरीकडे धर्मपिता, अशी राणीची स्थिति झाली. तिनें पतीशीं भांडण मांडलें नाहीं, कीं रोमशीं नातें तोडलें नाहीं. पांच वर्षें गेलीं, आणि ५९८ सालीं तह ठरला, तेव्हां तिच्या मध्यस्थीबद्दल पोपमहाराजांनीं पत्र लिहून तिचे आभार मानिले. आपला संवादरूप ग्रंथही त्यांनीं तिला पाठविला होता.

तरी ती सर्वस्वी रोमच्या मतानुसार वागत होती असें म्हणतां येणार नाहीं. ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपल येथील विश्वपरिषदेचे निर्णय उत्तर इटलींतील पुष्कळ बिशपांनीं नाकारिले होते, व राणीचा ओढा त्यांच्याकडे होता. ग्रेगरींनीं तिला तोडलें नाहीं, समजावीत राहिले. हें धोरण ढिलेपणाचें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. त्याचें फळ लौकरच दिसलें.

७ एप्रिल ६०३, पुनरुत्थानाचा सण. त्या दिवशीं मोंझा येथें राणीनें बांधविलेल्या संत योहानाच्या मंदिरांत तिचा चिमुकला पुत्र अडालोआल्ड यास कॅथॉलिक विधीनें बाप्तिस्मा झाला. ट्रेंटच्या सेकुंडस नामक मठवासीनें त्यास तीर्थकुंडांतून उचलून घेतलें. ज्या राजवंशानें तेरा वर्षांपूर्वीं या संस्काराची बंदी केली, त्याच गादीचा वारस तो स्वीकारीत होता, आणि एरियन समाजांतला त्याचा पिता त्यास संमति देत होता!

वर्षाअखेरीस ग्रेगरींचें पत्र आलें. ते संधिवातानें अंथरुणास खिळले होते. सेकुंडसनें विचारलेल्या प्रश्नांस सविस्तर उत्तर लिहिण्याची शक्ति त्यांच्यांत उरली नव्हती. तरी बाळराजासाठीं त्यांनीं पवित्र क्रूसाच्या लांकडाचा अवशेष असलेला एक क्रूस, आणि इराणी पेटींत ठेविलेला शुभवर्तमानाचा पाठ पाठविला. बाळाच्या बहिणीसाठीं तीन अंगठ्या होत्या. पुढें मार्चांत, ६०४ सालीं, ते वारले. आरंभीं वर्णिलेला क्रूस तोच, अशी मोंझाची परंपरा सांगते. बाळाच्या गळ्यांत क्रूस बांधण्याची रीत आपल्या घरांतूनही आहे. म्हणून एवढ्या मोठ्या राजकारणाचा शेवट एका लहान मुलाच्या अलंकारांत झाला, याचें आपल्या मायबहिणींस नवल वाटणार नाहीं.

राणीचा संग्रह एवढ्यावर थांबला नाहीं. पवित्र भूमींतून यात्रेकरूंनीं आणलेल्या कथलाच्या चपट्या कुप्या तेथें आहेत. त्यांत क्रूसाच्या लांकडाच्या स्पर्शानें पावन मानलेलें तेल भरीत, व वर क्रूसाचीं चित्रें उठवीत. योहान नांवाच्या एका माणसानें रोमला जाऊन हुतात्म्यांच्या कबरींवरील दिव्यांचें तेल कांचेच्या कुप्यांतून तिच्यासाठीं गोळा केलें. प्रत्येक कुपी कोठली, त्याची पपायरसावरची यादीही जतन झाली आहे. संग्रह करणाऱ्यानें यादी ठेवावी, हें त्या काळच्या मंडळींस कळत होतें! शुभवर्तमानाचीं सुवर्णाचीं दोन वेष्टनें तर अप्रतिम आहेत: दोहोंवर रत्नखचित मोठा क्रूस, आणि आपण हें दान संत योहानास दिलें, असा राणीचा लेख. चांदीची सोन्याचा मुलामा दिलेली कोंबडी व तिचीं सात पिलें हीही तिथलीच.

तिच्या प्रजेंतही क्रूसाची ओढ होती. लोंबार्डांच्या थडग्यांतून पातळ सोन्याच्या पत्र्याचे क्रूस शेंकड्यांनीं सांपडले आहेत. कांठांना बारीक भोकें असतात, कारण ते मृताच्या तोंडावरील वस्त्रास शिवीत. इटलींतील संग्रहालयांत ते पाहावयास मिळतात.

६१४ च्या सुमारास संत कोलुंबानस यांस बोब्बिओ येथें मठासाठीं जमीन मिळाली, ती याच राजाराणींच्या आश्रयानें. ६१६ सालीं अगिलुल्फ वारल्यावर थिओडेलिंडेनें अल्पवयी पुत्राच्या नांवें कारभार पाहिला. पण सुमारें ६२६ मध्यें एरियन सरदार अरिओआल्ड यानें अडालोआल्डास पदच्युत केलें. ज्याच्या गळ्यांत पोपमहाराजांचा क्रूस आला, त्याचें राज्य गेलेलें आईला पाहावें लागलें. ६२७ सालीं ती मरण पावली व मोंझाच्या त्याच मंदिरांत तिला मूठमाती मिळाली. लोंबार्डांचें कॅथॉलिक होणें पूर्ण झालें तें पुढें त्याच शतकांत, तिच्या माहेरच्या वंशजांच्या राज्यांत.

तिच्या खजिन्यानेंही पुष्कळ हाल सोसले. चौदाव्या शतकांत तो आव्हिन्योंला नेला गेला व परत आला. नेपोलियनच्या काळीं फ्रेंचांनीं त्यांतील मौल्यवान वस्तु पॅरिसला नेल्या. तेथून १८०४ सालीं अगिलुल्फचा सुवर्णमुकुट चोरीस गेला आणि चोरांनीं तो वितळविला. लहान क्रूस वांचला. मोंझाचे प्रमुख धर्मगुरु मोठ्या सणांस तो छातीवर धारण करीत असत. मंदिराच्या मुख्य दारावरील कोरीव शिल्पांत राणी आजही संत योहानापुढें मुकुट हातीं धरून उभी आहे.