स्वतःला विकत घेणारा माणूस

ब्रिटनमधील गुलामगिरीविरोधी लढ्याचे सारे श्रेय विल्बरफोर्स यांच्या पदरात टाकण्याची सवय इतिहासाला जडली आहे. संसदेत ठराव मांडणारे ते होते, हे खरेच. मात्र संसदेबाहेर जनमत घडविणाऱ्यांत पूर्वी गुलाम असलेले आफ्रिकीही होते. ओलाउदा इक्वियानो हे त्यांतील अग्रणी.

१७४५ च्या सुमारास आजच्या नायजेरियातील इग्बो प्रदेशात आपला जन्म झाला आणि अकराव्या वर्षी बहिणीसह आपल्याला पळवून नेण्यात आले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ब्रिटिश नौदलातील पास्कल या अधिकाऱ्याने त्यांना विकत घेतले आणि गुस्ताव्हस व्हासा हे स्वीडनच्या राजाचे नाव त्यांच्या माथी मारले. सप्तवार्षिक युद्धात ते युद्धनौकांवर राबले. सुटकेची आशा पालवली असतानाच, १७६२ साली पास्कलने त्यांना विकून टाकले. वेस्ट इंडिजमधील मॉन्टसेरात बेटावर रॉबर्ट किंग या क्वेकर व्यापाऱ्याच्या चाकरीत असताना त्यांनी स्वतःचा किरकोळ व्यापार मांडला. तीन पेनीला घेतलेला काचेचा पेला सहा पेनीला विकण्यापासून त्याची सुरुवात झाली. १७६६ मध्ये ४० पौंड मोजून त्यांनी स्वतःला विकत घेतले.

१७८३ साली लंडनमध्ये ग्रॅनव्हिल शार्प यांच्या कानी ‘झाँग’ जहाजाची हकिगत घातली ती इक्वियानो यांनीच. दोन वर्षांपूर्वी त्या जहाजावरून सव्वाशेहून अधिक आफ्रिकींना समुद्रात फेकण्यात आले होते आणि मालकांनी माणशी ३० पौंड विम्याची भरपाई मागितली होती. न्यायालयात खटला उभा राहिला तो खुनाचा नव्हे, विम्याचा!

१७८९ मध्ये त्यांनी आगाऊ वर्गणीदार मिळवून आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याचे हक्क स्वतःकडे राखले आणि गावोगाव फिरून ते विकले. त्यांच्या हयातीत नऊ आवृत्त्या निघाल्या. बाप्तिस्म्याच्या १७५९ च्या नोंदीत त्यांचे जन्मस्थान कॅरोलिना असे आढळल्याने अभ्यासकांत आजही वाद आहे. परंतु त्यांच्या सागरी जीवनाच्या वर्णनाला नौदलाच्या दप्तराचा मोठा आधार मिळतो, हे विसरता येत नाही.

१७९२ मध्ये त्यांनी सुसॅना कलन या इंग्रज स्त्रीशी विवाह केला. ३१ मार्च १७९७ रोजी त्यांचे निधन झाले. गुलामांच्या व्यापारावर बंदी येण्यास तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. धाकटी कन्या जोआना १८१६ मध्ये एकवीस वर्षांची झाली, तेव्हा वडिलांच्या वारशाचे ९५० पौंड तिच्या हाती आले.